खोक्यातलं फर्निचर घेताना पैसा कुठं टाकायचा, कुठं वाचवायचा

घरी जोडायचं फर्निचर बिघडतं ते ठरलेल्या पाच-सहा जागी. कपाटाची जमिनीला टेकलेली कड, दाराची बिजागरी, फळीचा मध्य, ड्रॉवरचं चॅनल, मागचा पातळ पत्रा (कपाटाच्या पाठीला ठोकतात ती पातळ फळी) आणि पलंगाचा कोपरा. रंग, चकाकी, हँडल यांनी आयुष्य वाढत नाही. तरी दुकानात किंवा मोबाइलवर किंमत ठरते ती बहुतेक दिसण्यावर. म्हणून दोन वस्तूंची तुलना करताना या जागा एकेक करून तपासायच्या आणि वाढीव पैसा तिथंच जातोय का ते बघायचं.

मराठवाड्यात या यादीत तीन गोष्टी वाढतात. उन्हाळाभर चालणारा कुलर, फरशी पाण्यानं पुसायची सवय आणि वाळवी. यातलं काही बोर्डाच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आधी बोर्ड ओळखा

"इंजिनिअर्ड वुड" हे बोर्डाचं नाव नाही, सरसकट वापरायचा शब्द आहे. स्वस्त मालात त्याचा अर्थ बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड, म्हणजे आपल्याकडं ज्याला भुशाचा बोर्ड म्हणतात तो; नाहीतर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. "शीशम फिनिश", "वॉलनट", "वेंगे" ही तर नुसती रंगांची नावं आहेत. दुकानदाराला सरळ विचारा: पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, एचडीएचएमआर (ओल जास्त सोसणारा, घट्ट दाबलेला बोर्ड) की प्लाय? किती मिलिमीटर? आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेला प्लाय घरी खोकं उघडल्यावर भुसा निघाला, तर बिलावरचा तो एक शब्दच कामाला येतो.

भारतीय मानकांचे (आयएस) आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. साधा पार्टिकल बोर्ड आयएस ३०८७, वरून कागद-लॅमिनेट चढवलेला आयएस १२८२३, एमडीएफ आयएस १२४०६, घरातला एमआर (थोडी ओल सोसणारा) प्लाय आयएस ३०३ आणि पाणी सोसणारा मरीन प्लाय आयएस ७१०. ज्या बोर्डावर किंवा कागदपत्रावर यातलं काहीच नाही, त्याच्या मजबुतीबद्दल विक्रेता जे सांगेल ते ऐकून सोडून द्यायचं.

सगळ्यात खरं बोलतं ते वजन. १८ मिमी पार्टिकल बोर्ड चौरस फुटाला साधारण १.१ ते १.२५ किलो भरतो, १२ मिमी बोर्ड ०.७ ते ०.८५ किलो. आता ६ फूट उंच, ३ फूट रुंद, २० इंच खोल असं दोन दारांचं कपाट घ्या. दोन बाजू मिळून २० चौरस फूट, तळ आणि माथा १०, दारं १८, मधली उभी फळी १० आणि चार कप्पे १०. एकूण ६८ चौरस फूट. सगळं १८ मिमीचं असेल तर नुसता बोर्डच ७५ ते ८५ किलो व्हायला हवा. वर मागचा पत्रा आणि लोखंडी सामान. संकेतस्थळावर "वजन ५५ किलो" लिहिलं असेल, तर आतला बहुतेक माल १२ मिमीचा आहे, दर्शनी दार जाड दिसत असलं तरी. हा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगतो.

जाड बोर्ड सगळीकडं लागतो असं मात्र नाही. उभ्या बाजू, तळ आणि कप्पे १८ मिमी हवेत. ड्रॉवरच्या आतल्या बाजूंना १२ मिमी चालतं. दाराला १८ चांगलं, १५ निभतं.

कड आणि तळ

शोरूममध्ये कपाटाचं दार उघडून खाली वाका आणि तळाच्या फळीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लागली तर ठीक. खरखरीत, सुटा भुसा बोटाला लागला तर ती कड उघडी आहे. दिसणाऱ्या कडांना पट्टी आणि न दिसणाऱ्या उघड्या, ही स्वस्त मालातली सगळ्यात नेहमीची काटकसर. ओल्या फडक्याचं पाणी शहाबादी फरशीवरून ओघळत तिथंच पोचतं. उघडी कड ते शोषते, फुगते, वरचा कागद सुटतो आणि पुन्हा कितीही वाळवली तरी बसत नाही. भुशाचे कण एकदा एकमेकांपासून सुटले की परत चिकटत नाहीत.

पट्टीची जाडीही बघा. ०.४ किंवा ०.५ मिमीची पट्टी नखानं उचलता येते. दाराच्या आणि टेबलाच्या पुढच्या कडेला २ मिमी पट्टी असेल तर ती धक्का सोसते. यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

शक्य असेल तर दुकानदाराकडून त्याच बोर्डाचा हातभर तुकडा मागून घ्या. जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, परत मोजा. १८ मिमीचा २० किंवा २१ मिमी झाला, कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटल्या, तर तो बोर्ड न्हाणीच्या भिंतीला किंवा स्वयंपाकघरात लावू नका. तिथं एचडीएचएमआर किंवा मरीन प्लायच घ्या. या दोन जागी काटकसर टिकत नाही.

उघड्या कडा असलेलं कपाट आधीच घेतलं असेल, तरी उपाय आहे. जोडण्याआधी प्रत्येक उघड्या कडेला ऑइल पेंटचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. पहिला हात भुसा पिऊन टाकतो, म्हणून तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. मिनीफिक्सच्या (फळ्या जोडायच्या बोल्ट आणि गोल चकतीच्या) भोकांत रंग जाऊ देऊ नका. मग कपाटाखाली पीव्हीसीचे पाय किंवा निदान प्लास्टिकच्या चकत्या लावून ते जमिनीपासून उचला. आधीपासूनच ३-४ इंची प्लास्टिकचे पाय असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. वाळवीलाही हीच गोष्ट अडवते: भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून तीन-चार इंच मोकळं असलं, की तिची मातीची नळी चढताना दिसते. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागं ती वर्षभर कुणाच्या नजरेला पडत नाही. "बोरर प्रूफ" म्हणजे वाळवीरोधक नव्हे. भुंगा आणि वाळवी हे वेगळे किडे आहेत, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र हमी मागायची.

कुलरचं तर कुणी बोलतच नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर कोरडं ऊन आणि खोलीत दिवसभर ओली हवा, असा मामला असतो. कुलरच्या झोतात उभं असलेलं कपाट पावसाळ्याआधीच फुगायला लागतं, आणि दोष "पाऊस लागला" असा दिला जातो. कपाट झोताच्या रेषेत ठेवू नका, आणि कुलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा. ओल बाहेर जाते, शिवाय गारवाही जास्त लागतो.

फळी, बिजागरी, चॅनल

पुस्तकांची ओळ मीटरला साधारण २५ ते ३० किलो भरते. हा भार सारखा पसरलेला असताना फळीचं वाकणं तिच्या लांबीच्या चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे तीन फुटी फळी दोन फुटीपेक्षा दीडपट नाही, पाचपट वाकते. जाडीचा परिणाम तिसऱ्या घातानं होतो: १२ मिमीऐवजी १८ घेतली तर वाकणं तिपटीहून जास्त कमी होतं. पुस्तकं ठेवायची असतील तर १८ मिमी पार्टिकल बोर्डची फळी दोन फुटांपेक्षा लांब घेऊ नका. तीन फुटी घ्यायचीच असेल तर मध्ये उभा टेकू असलेलं मॉडेल निवडा. पार्टिकल बोर्ड भाराखाली हळूहळू वाकतच जातो. आज सरळ दिसणारी फळी वर्षानं झोळी होते. कपड्यांच्या घड्या हलक्या, तिथं एवढं बघायची गरज नाही.

दाराची उंची तीन फूट असेल तर दोन बिजागऱ्या पुरतात. पाच फुटांपर्यंत तीन, सहा फुटांना चार. सहा फुटी दाराला तीनच दिल्या असतील तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सगळ्यात आधी निघणार, कारण दहा-अकरा किलोचं दार तिथूनच ओढतं. सॉफ्ट क्लोज ही चैन वाटते, पण दार आपटत नाही म्हणून स्क्रूची भोकं वाचतात; लहान मुलांच्या घरात तिचे पैसे वसूल होतात. ड्रॉवरला बॉल बेअरिंगचं टेलिस्कोपिक चॅनल हवं. प्लास्टिकच्या चाकांवर चालणारं चॅनल हलक्या ड्रॉवरला ठीक, धान्याच्या किंवा भांड्यांच्या ड्रॉवरला नको. शोरूममध्ये ड्रॉवर पूर्ण ओढून पुढचा भाग हलकेच खाली दाबा. झुकला, खडखडला, तर वस्तू भरल्यावर काय होईल ते कळलं.

पलंगावर पैसा वाचवू नका, हे ठाम सांगायला हवं. ७८ बाय ६० इंची पलंगाला डोक्यापासून पायापर्यंत मधोमध आधार हवा, आणि त्या आधाराचा किमान एक पाय जमिनीला टेकायला हवा. बाजूच्या पट्ट्या डोक्याकडच्या फळीला कशानं जोडल्या आहेत ते बघा. बोल्ट आणि आत लोखंडी नट असेल तर कुरकुर लागल्यावर पुन्हा आवळता येतो. बोर्डात थेट स्क्रू असेल तर एकदा भोक सैल झालं की पलंग हलतच राहतो.

किंमत नव्हे, वर्षाचा खर्च

छापील किंमत ही सुरुवात असते. त्यात जीएसटी धरलाय का, घरापर्यंतचं भाडं, वरच्या मजल्यावर चढवायचे पैसे, जोडणाऱ्याची मजुरी मिळवा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरला कंपनीचा फिटर येतो; तालुक्याच्या गावी बऱ्याचदा येत नाही, आणि गावातल्या सुताराला वेगळे पैसे द्यावे लागतात. पिनकोड टाकून फक्त डिलिव्हरी नाही, फिटिंगही मिळतं का ते ऑर्डरच्या आधी बघा.

मग एकूण रकमेला वर्षांनी भागा. उदाहरणादाखल, समजा खोक्यातलं कपाट १२,००० रुपयांना, भाडं ७०० आणि फिटिंग ८०० असं १३,५०० ला पडलं आणि पाच वर्षं टिकलं, वर्षाला २,७००. सुताराकडून मरीन प्लायचं ३२,००० ला करून घेतलं आणि सोळा वर्षं टिकलं तर वर्षाला २,०००. स्वतःच्या घरात दुसरंच स्वस्त. पण भाड्याच्या घरात, बदलीच्या नोकरीत हाच हिशोब उलटतो, कारण भिंतीत ठोकलेलं कपाट बरोबर नेता येत नाही.

लातूरला नीट-जेईईच्या तयारीला आलेल्या मुलाच्या खोलीसाठी दोन वर्षांचं टेबल लागतं, वीस वर्षांचं नाही. तिथं लोखंडी सांगाडा आणि वर १८ मिमी फळी असलेलं साडेतीन-चार फुटी टेबल सगळ्यात शहाणपणाचं. बोल्टांवर उभं असल्यानं ते चार वेळा सोडवून जोडलं तरी ढिलं होत नाही, टेम्पोत आडवं मावतं आणि पुढच्या बॅचच्या मुलाला विकता येतं. पूर्ण पार्टिकल बोर्डाचं टेबल तेवढ्या खोल्या बदलणं सोसत नाही.

आणि कपड्यांसाठी नुसतं कुलूपबंद कपाट हवं असेल तर गावातल्या वर्कशॉपचं लोखंडी कपाट विसरू नका. पाणी, वाळवी, कुलर यातल्या कशाचीच त्याला भीती नाही; तळाशी गंज चढू नये एवढं सांभाळलं की झालं. सागवानाचं पाहिजे असेल तर किनवटच्या जंगलाचा भाग आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे, पण लाकूड नीट वाळलेलं हवं. ओलं लाकूड आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आखडतं, तडकतं. बाहेरून मागवलेल्या शीशमच्या पलंगालाही हाच नियम.

मोजमाप आणि माल उतरवून घेणं

कपाट जमिनीवर आडवं जोडून मग उभं करतात. उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो, उंची नव्हे. ८२ इंच उंच आणि २२ इंच खोल कपाटाचा कर्ण जवळजवळ ८५ इंच. माळा ८४ इंचांवर असेल तर ते कागदावर मावतं, पण माळ्याखाली उभंच करता येत नाही. बाहेर उभं करून आत सरकवायला जागा आहे का, पंखा मध्ये येतो का, हे आधी बघा. दाराची चौकट, जिन्याचं वळण आणि सगळ्यात लांब खोकं, ही तीन मापंही घ्या.

पावसात उघड्या टेम्पोतून माल मागवू नका. खोकं उघडताना पहिल्या टेपपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत मोबाइलवर चित्रण करा. कोपरे दबलेत का बघा, सूचनापत्रकावरच्या क्रमांकाप्रमाणं भाग आणि सामानाची पुडी मोजून घ्या. सगळं जोडून होईपर्यंत खोकं आणि त्यावरचं लेबल टाकू नका. नाकाला, डोळ्याला झोंबणारा वास येत असेल तर बोर्डाच्या डिंकातला फॉर्माल्डिहाइड जास्त आहे. लहान मुलाच्या खोलीसाठी ई१ किंवा ई० (हा वायू कमी सोडणारा दर्जा) लिहिलेलाच माल घ्या, आणि पहिले काही दिवस दारं उघडी, खिडक्या उघड्या.

फुटका माल बदलून देत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, विक्रेता बेंगळुरूचा असला तरी. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

जोडताना

खाली गोधडी किंवा खोक्याचाच पुठ्ठा अंथरा. पॉवर ड्रिल बाजूला ठेवा. भुशाच्या बोर्डात भोकं खराब होतात ती बहुतेक ड्रिलच्या जोरानं. मिनीफिक्सचा बोल्ट हातानं, त्याची कॉलर फळीला टेकेपर्यंतच फिरवा. कमी बसला तर गोल चकती त्याला पकडत नाही, जास्त फिरवला तर भोक मरतं. चकती भोकात टाकताना तिच्यावरचा बाण ज्या कडेतून बोल्ट येणार तिकडं असला पाहिजे. दोन्ही फळ्या हातानं पूर्ण मिळवा, मग चकती घड्याळाच्या दिशेनं साधारण अर्धा फेरा. घट्ट लागली की थांबा. आणखी एक पीळ दिलात तर बोर्डाचा तुकडा निघतो. फळ्यांत फट राहिली असेल तर चकतीनं ओढून ती मिटवायला जाऊ नका. डॉवेल (जोडातली लाकडी खुंटी) भोकात नीट बसलेला नसतो, तो काढून बघा.

सांगाडा उभा झाला की मागचा पत्रा ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ७२ बाय ३६ इंची कपाटाला ते साडेऐंशी इंच येतात. दोघांत एका सुतापेक्षा (इंचाचा आठवा भाग) जास्त फरक असेल तर कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलकेच दाबून सरळ करा आणि मगच चार-चार इंचांवर चुका (बारीक खिळे) ठोका. हा पातळ पत्रा शोभेचा नाही. कपाटाला तिरकं होण्यापासून तोच अडवतो, म्हणून तो दोन तुकड्यांत दिला असेल तर जोडाच्या पट्टीवरही चुका हव्यात.

दारं वर-खाली दिसली की लोक लगेच बिजागरीचे स्क्रू फिरवतात. आधी पाणसळ ठेवा. आपल्याकडं फरशीला न्हाणीकडं उतार असतो, शिवाय काळ्या मातीवरचं घर पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात बसतं. मे महिन्यात जुळलेली दारं ऑगस्टमध्ये हलतात ती त्यामुळं. खालच्या कोपऱ्याखाली प्लास्टिकची पाचर सरकवली की निम्म्या वेळा दारं आपोआप जुळतात. उरलेला फरक बिजागरीवर काढा.

चार फुटांपेक्षा उंच कपाट किंवा ड्रॉवरचा खण भिंतीला बांधलाच पाहिजे. लहान मूल ड्रॉवरवर चढलं की तो पुढं कलंडतो. विटेच्या भिंतीत ८ मिमीचा प्लग आणि दोन इंची स्क्रू पुरतो. माळवदाच्या घरात, मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही; तिथं लाकडी खांबाला किंवा तुळईला आडवी पट्टी मारून कपाट तिला जोडा.

महिनाभरानं सगळे बोल्ट एकदा तपासा, आणि पहिला पावसाळा सरल्यावर पुन्हा. घर बदलताना कपाट ओढू नका. भरलेलं तर मुळीच नाही, सगळा भार तळाच्या जोडांवर येतो. सोडवताना प्रत्येक जोडाचे स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच फळीला टेपनं चिकटवा. स्क्रूचं भोक मेलं असेल तर फेविकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या, डोकं काढून, आत ठोका, एक रात्र वाळू द्या, वर आलेला भाग पटाशीनं छाटा आणि तोच स्क्रू हातानं बसवा. बिजागरीचं भोक पार फाटलं असेल तर ८ मिमीचं भोक पाडून त्यात फेविकॉलसकट लाकडी डॉवेल बसवा, आणि नवा स्क्रू त्याच्या बरोबर मध्यात घ्या.